सातासमुद्रांपलीकडील पोळी

गेल्या महिन्यांत आमच्या घरीं त्रिनिदाद बेटांतील एक पोळी झाली. तिचें नांव ‘दालपुरी’. माझा एक जुना विद्यार्थी तिकडे नोकरीस आहे. त्यानें कृति लिहून पाठविली व सूनबाईंनीं ती हौसेनें करून पाहिली.

कृति आपल्या गृहिणींस अवघड नाहीं. दोन वाट्या मैद्यास एक वाटी पिवळ्या वाटाण्याची डाळ घ्यावी. ती हळद घालून शिजवावयाची, पण बोटचेपीच. गाळ होतां कामा नये. पाणी पूर्ण निथळून लसूण, मिरची, मीठ व भाजलेल्या जिऱ्याची पूड यांसह कोरडी वाटावी. मैदा मऊ भिजवून उंड्यांत हें सारण भरावें, पातळ लाटावें व तेल लावून तव्यावर भाजावें. म्हणजे पुरणपोळीच, मात्र गुळाऐवजीं मीठ! तिकडे ती बटाटा-हरभऱ्यांच्या रश्श्याबरोबर खातात. त्या रश्श्यांत ‘शाडो बेनी’ नांवाचीं पानें पडतात. वनस्पति अमेरिकेंतील, नांवाचें मूळ फ्रेंच, वास मात्र आपल्या कोथिंबिरीचा, पण अधिक उग्र.

मळ्यांवरील गुलामगिरी १८३८ सालीं संपली, आणि उंसाच्या मळेवाल्यांस मजूर हवे झाले. ‘फातेल रझाक’ हें पहिलें जहाज कलकत्त्याहून निघून सुमारें सव्वादोनशें माणसांसह ३० मे १८४५ रोजीं तेथें पोंचलें. १९१७ पर्यंत लाखावर लोक करारानें बांधले जाऊन गेले. बहुतेक आजच्या बिहार व उत्तर प्रदेशांतील. त्यांची भोजपुरी आतां थोड्या वृद्धांच्याच तोंडीं उरली आहे. ‘जीरा’, ‘तावा’, ‘बैंगन चोखा’ हे शब्द मात्र नातवंडांसही ठाऊक आहेत.

ताट पुढें येतांच आमच्या थोरल्या वहिनींनीं विचारलें, “भावोजी, हीं माणसें कोण जातीचीं?”

“सोंवळें-ओंवळें जहाजावरच सुटलें त्यांचें,” मी म्हणालों. “एका जहाजानें आलेले ते ‘जहाजी भाई’.”

उत्तर दिलें खरें, पण मी मनांत ओशाळलों. समुद्रयानाचा निषेध मीं पाठशाळेंत घोकला होता, आणि पुढें वर्गांतही मोठ्या ऐटीनें सांगितला होता. करार संपवून परत आलेल्या कित्येकांस त्यांच्याच गांवानें पंक्तीस घेतलें नाहीं, हें मीं विद्यार्थ्यांस कधीं सांगितलें नाहीं. मलाच तें फार उशिरां कळलें.

वहिनींनीं लसणाबद्दल नाक मुरडलें, पण तूप लावून अर्धी पोळी खाल्ली. दुसऱ्या दिवशीं पाहतों तों उरलेलें सारण थालीपिठांत कालवीत त्याच बसल्या होत्या.