दैवानं दिलं, कर्मानं राखलं

मैत्रिणींनो, एखादीचं काही चांगलं झालं, की आपल्या तोंडून पहिला शब्द कोणता निघतो? "नशीबवान आहे हो!" शेजारणीला बढती मिळाली, नशीब. जावेला चांगली नोकरी लागली, नशीब. बोलताना मनात वाईट काही नसतं, पण त्या एका शब्दानं त्या बाईची वर्षांची खटपट आपण पुसून टाकतो. म्हणून आज दोन रशियन खेळाडूंची गोष्ट सांगते. त्यांच्या पदकाला तर कुणीही चटकन 'नशिबाचं पदक' म्हणून मोकळं होईल.

व्हॅलेरिया सोरोकिना आणि निना विस्लोव्हा ही बॅडमिंटनमधली दुहेरीची जोडी. आता दोघीही निवृत्त आहेत. २०१० साली मँचेस्टरला त्यांनी युरोपचं अजिंक्यपद मिळवलं होतं. तरी ऑलिंपिकमध्ये चीन, कोरिया, इंडोनेशिया यांच्यापुढे त्यांना कोण विचारणार?

२०१२ सालचं लंडन ऑलिंपिक. महिला दुहेरीत चार-चार जोड्यांचे चार गट होते आणि प्रत्येक गटातल्या पहिल्या दोन जोड्या पुढे जाणार होत्या. आपल्या दोघी चीन आणि कोरियाच्या जोड्यांकडून हरल्या, कॅनडाच्या मुलींना मात्र त्यांनी हरवलं. गटात तिसरा नंबर आला. म्हणजे संपलंच की सगळं!

पण ३१ जुलैच्या संध्याकाळी वेम्ब्लीच्या मैदानावर भलतंच घडलं. चीनची एक, इंडोनेशियाची एक आणि कोरियाच्या दोन अशा चार जोड्या पुढे जाणार हे आधीच ठरलेलं होतं. पुढच्या फेरीत प्रतिस्पर्धी सोयीचा यावा, म्हणून त्या मुद्दाम हरायला लागल्या. कुणी सर्व्हिस जाळीत मारी, तर कुणी फूल बाहेर घालवी. तिकीट काढून आलेल्या लोकांनी हुर्यो उडवली. दुसऱ्याच दिवशी चारही जोड्या बाद झाल्या. दैव देतं आणि कर्म नेतं, ते असं! त्यांत चीनची जोडी तर जगात पहिल्या नंबरची होती.

जागा रिकाम्या झाल्या, तेव्हा गटात मागे राहिलेल्यांना बोलावणं आलं. त्यात या दोघीही होत्या आणि सामना त्याच दिवशी! आता विचार करा. गटातच बाद झाल्यानं मन खट्टू झालेलं, आणि अचानक 'चला, खेळायचंय' म्हणून निरोप. दुहेरीचा खेळ असा, की हल्ला करताना एकीनं जाळीजवळ आणि दुसरीनं मागे राहायचं, बचाव करताना दोघींनी शेजारी-शेजारी यायचं. मधोमध आलेलं फूल कुणी घ्यायचं, हे विचारायला वेळ नसतो. ही समज एका रात्रीत येत नाही. ती आधीच अंगात मुरलेली लागते.

त्या उतरल्या आणि दक्षिण आफ्रिकेच्या जोडीला त्यांनी हरवलं. उपांत्य सामन्यात चीनच्या तियान चिंग आणि झाओ युनलेई यांच्याकडून त्या हरल्या. पुढे सुवर्णपदक याच दोघींनी घेतलं. कांस्यपदकासाठी पुन्हा कॅनडाचीच जोडी समोर आली. तीही यांच्यासारखीच रिकाम्या जागेवर आलेली, म्हणजे नशीब दोघींकडे सारखंच! ४ ऑगस्टला रशियाच्या मुलींनी तो सामना २१-९, २१-१० असा जिंकला. ऑलिंपिकमधलं रशियाचं बॅडमिंटनचं ते पहिलं पदक.

याच स्पर्धेत आपली वर्ध्यात जन्मलेली ज्वाला गुट्टा आणि तिची जोडीदार अश्विनी पोनप्पा यांनी गटातले दोन सामने जिंकले होते. त्यांच्या गटात तीन जोड्यांचे दोन-दोन विजय झाले, म्हणून गुणांचा हिशेब झाला आणि अवघ्या एका गुणानं आपल्या मुली राहिल्या. जागा दुसऱ्या गटांत रिकाम्या झाल्या होत्या, त्यामुळे त्यांना बोलावणं आलं नाही. नशीब असतंच, बायांनो. ते नाही असं मी म्हणणार नाही.

पण दार उघडणं वेगळं आणि आत जाऊन काम करून दाखवणं वेगळं. आम्हा अर्धवेळ शिक्षिकांना हे चांगलं ठाऊक आहे. रजेवर गेलेल्या बाईंच्या जागी दोन महिन्यांसाठी बोलावणं येतं. ते बोलावणं नशिबाचं खरं, पण वर्गात पन्नास मुलांपुढे उभं राहिल्यावर नशीब फळ्यावर लिहायला येत नाही.

आणि गंमत म्हणजे आपण स्वतःलाही हेच लावतो. कुणी कौतुक केलं, की लगेच, "माझं काय हो, मिळालं नशिबानं." असं का म्हणावं? पुढच्या वेळी शेजारीण पेढे घेऊन आली, तर 'नशीबवान आहेस' म्हणायच्या आधी तिला बसवा, चहा टाका आणि विचारा, "हे सगळं कसं गं जमवलंस?" बघा, केवढं सांगायचं असतं तिला.