घर घेताय? आधी ड्रेनेज लाईनचा व्हिडिओ मागा

घर बघायला गेल्यावर आपण काय काय चेक करतो? नळाला प्रेशर आहे का, मोबाईलला रेंज येते का, फायबर कुठल्या कंपनीचं, पार्किंग कुठे. पण फ्लश केलेलं पाणी ज्या पाईपमधून जातं तो आतून कसा आहे, हे कुणीच विचारत नाही. तो जमिनीखाली असतो, दिसत नाही. आणि बिघडला की थेट फरशी उखडायची वेळ येते.

हा पाईप आतून दाखवणारा कॅमेरा आता आपल्याकडच्या मोठ्या शहरांतही भाड्याने मिळतो. तरी बहुतेक सोसायट्या आणि घर घेणारे त्याचा विचार करत नाहीत. मला वाटतं, तो करायला हवा. एक कारण पैशाचं आहे, दुसरं माणसाच्या जिवाचं.

हा कॅमेरा चालतो कसा?

ऑनलाईन हजार-दोन हजारात मोबाईलला जोडायचा 'एंडोस्कोप' मिळतो, तो तुम्ही पाहिला असेल. बेसिनच्या खाली डोकवायला तो ठीक आहे. ड्रेनेज लाईनला त्याचा फार उपयोग नाही, कारण केबल मऊ आणि छोटी असते, दोन वळणांत अडकते.

खऱ्या ड्रेनेज कॅमेऱ्याची केबल फायबरग्लासच्या कडक पण वाकणाऱ्या दांडीसारखी असते. चेंबरमधून ती आत ढकलत न्यायची. टोकाला वॉटरप्रूफ कॅमेरा, त्याच्याभोवती एलईडी. चांगल्या कॅमेऱ्याचं डोकं वजनामुळे आपोआप सरळ होतं, म्हणजे पाईपचा तळ स्क्रीनवर कायम खालीच दिसतो. शिवाय केबल किती आत गेली ते मीटरमध्ये स्क्रीनवर येत राहतं.

मला सगळ्यात आवडलेला भाग म्हणजे लोकेटर. कॅमेऱ्यामागे एक छोटा ट्रान्समीटर असतो, बहुतेक वेळा ५१२ हर्ट्झचा. वर जमिनीवर रिसिव्हर घेऊन फिरलं की कॅमेरा नेमका कुठे आणि किती खोल आहे ते कळतं. फ्रिक्वेन्सी इतकी कमी का? कारण जास्त फ्रिक्वेन्सीचा सिग्नल बिडाच्या, म्हणजे कास्ट आयर्नच्या पाईपमधून बाहेरच येत नाही. यामुळे अख्खं पार्किंग खोदण्याऐवजी एकच खड्डा पुरतो.

व्हिडिओत काय शोधायचं?

जुन्या बंगल्यांत आणि चाळींत भाजलेल्या मातीचे स्टोनवेअर पाईप सापडतात. त्यांचे सांधे सुटतात आणि ओलाव्याच्या शोधात पिंपळ-उंबराची मुळं आत शिरतात. व्हिडिओत ती केसांच्या गुंत्यासारखी दिसतात. बिडाचा पाईप आतून गंजून खडबडीत होतो, त्यावर कचरा अडकतो. नव्या बिल्डिंगमध्ये पीव्हीसी असतो. तिथे सांधा सरकलेला, पाईप चेपलेला किंवा बांधकामाच्या वेळी आत गेलेलं सिमेंट घट्ट बसलेलं, असे प्रकार दिसतात.

आणखी एक गोष्ट म्हणजे उतार. १०० मिलिमीटरच्या पाईपला साधारण ४० ला १ उतार हा जुना ठोकताळा आहे, म्हणजे ४ मीटरला १० सेंटिमीटर. भराव खचला की मधला पाईप खाली बसतो आणि तिथे पाणी साचून राहतं. वापर बंद असतानाही कॅमेरा मध्येच पाण्यात बुडाला आणि दोन मीटरनी पुन्हा वर आला, तर समजा तिथे पोट आहे. ते जेटिंगने जात नाही, पाईप पुन्हा टाकावा लागतो.

अमेरिकेत लोक हे आधीच का करतात?

अमेरिकेत घर घेतलेल्या एखाद्या दादाला विचारा. तिथे स्वतंत्र घरं जास्त, आणि अनेक शहरांत घरापासून रस्त्याखालच्या सार्वजनिक लाईनपर्यंतचा पाईप घरमालकाच्याच गळ्यात असतो. त्यातून दुसऱ्या महायुद्धानंतरच्या काही दशकांत बांधलेल्या बऱ्याच घरांना 'ऑरेंजबर्ग' नावाचा पाईप आहे. हा डांबरात भिजवलेल्या लाकडी तंतूंचा असतो आणि काही वर्षांनी चपटा होतो. म्हणून जुनं घर घेताना तिथे कॅमेरा तपासणी करून घेतात आणि त्यावरून किमतीची घासाघीस होते.

आपल्याकडे फ्लॅट जास्त. चेंबरकडे जाणारी लाईन सोसायटीची असते, त्यामुळे वाटतं की आपला काय संबंध. पण दुरुस्तीचा खर्च मेंटेनन्समधून किंवा वेगळ्या वर्गणीतून आपणच देतो. रो-हाऊस, बंगला किंवा तळमजल्याचा फ्लॅट असेल तर संबंध थेट आहे. लाईन तुंबली की पाणी उलटं सगळ्यात आधी तळमजल्यावर येतं.

रेरातली पाच वर्षं

नवीन घर घेणाऱ्यांसाठी महत्त्वाचं. रेरा कायद्याच्या कलम १४(३) नुसार ताबा मिळाल्यापासून पाच वर्षांत बांधकामात, कामाच्या दर्जात किंवा सेवांमध्ये दोष आढळला, तर बिल्डरने तो ३० दिवसांत जादा पैसे न घेता दुरुस्त करायचा असतो. नाही केला, तर भरपाई मागता येते.

अडचण असते ती पुराव्याची. आमच्या पुण्यातल्या सोसायटीत ताबा मिळून तीन वर्षं झाली होती आणि एकच चेंबर सारखं भरायचं. बिल्डरचं उत्तर ठरलेलं, "तुमचे लोक कचरा टाकतात." दोनदा जेटिंग झालं, तिसऱ्यांदा कमिटीने कॅमेरा लावला. साडेनऊ मीटरवर पाईपच्या तळाला सिमेंटचा थर, जवळजवळ अर्ध्या उंचीपर्यंत. राहणाऱ्या लोकांनी फ्लशमधून सिमेंट टाकलेलं नाही, हे सांगायला वकील लागला नाही. पुढच्या पत्रासोबत ती क्लिप गेली आणि तेवढा तुकडा बदलून मिळाला.

आम्ही सॉफ्टवेअरवाले प्रॉडक्शनला काही बिघडलं की आधी लॉग बघतो, मग कोणाची चूक ते बोलतो. ड्रेनेजचा व्हिडिओ म्हणजे पाईपचा लॉग.

आणि माणसाचं काय?

लाईन तुंबली की अजूनही अनेक ठिकाणी कोणाला तरी चेंबरमध्ये उतरवलं जातं. आत हायड्रोजन सल्फाईड असू शकतो, आणि त्याचं प्रमाण वाढलं की वास येणंच बंद होतं, म्हणजे धोका कळतही नाही. डिसेंबर २०१९ मध्ये गोवंडीतल्या एका हाऊसिंग सोसायटीच्या सेप्टिक टँकमध्ये तीन कामगार गेले. सप्टेंबर २०२१ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने त्यांच्या पत्नींना प्रत्येकी १० लाख रुपये देण्याचा आदेश दिला. ऑक्टोबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अशा मृत्यूंची भरपाई ३० लाखांवर नेली, आणि जानेवारी २०२५ मध्ये मुंबईसह सहा महानगरांत हाताने गटार साफ करण्यावर बंदीचा आदेश दिला.

हे फक्त महापालिकेपुरतं नाही. २०१३ च्या कायद्यात गटार किंवा सेप्टिक टँकमध्ये धोकादायक सफाईसाठी माणूस लावणं कोणालाही मना आहे, सोसायटीलाही. पहिल्या गुन्ह्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा २ लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. "आत उतरल्याशिवाय कळणार कसं?" या प्रश्नाला आता उत्तर आहे. कॅमेरा बघतो, जेटिंग मशीन साफ करतं. माणसाला आत पाठवायचं कारणच उरत नाही.

कॅमेऱ्याच्या मर्यादा

लेन्स घाण पाण्यात बुडाली तर काहीच दिसत नाही, म्हणून तुंबलेली लाईन आधी साफ करावी लागते. बारीक गळती व्हिडिओत सुटू शकते, तिच्यासाठी पाणी भरून वेगळी टेस्ट करतात. आणि 'एआय रिपोर्ट' असं कोणी विकत असेल तर जपून. डेन्मार्कच्या आल्बोर्ग विद्यापीठाने २०२१ मध्ये पाईपच्या तब्बल १३ लाख फोटोंचा 'सीवर-एमएल' डेटासेट खुला केला. इतक्या डेटावरही त्यांच्या चाचणीत चांगला पाईप ओळखणं मॉडेल्सना बरंच जमलं, नेमके दोष ओळखणं त्यामानाने अवघड गेलं. तेव्हा व्हिडिओ जाणकार माणसानेच बघायला हवा.

कॅमेरावाल्याला बोलावताना

- न कापलेला पूर्ण व्हिडिओ मागा, फक्त स्क्रीनशॉट नको.
- स्क्रीनवर तारीख आणि मीटर दिसलेच पाहिजेत.
- कुठल्या चेंबरपासून कुठल्या चेंबरपर्यंत ते सुरुवातीला बोलून रेकॉर्ड करा.
- दोष दिसला की लोकेटरने जमिनीवर खूण करून तिचा फोटो घ्या.
- तपासणारा आणि दुरुस्तीचं काम विकणारा एकच असेल, तर दुसऱ्याचं मत घ्या.
- कोणीही चेंबरमध्ये उतरणार नाही, हे कोटेशनमध्येच लिहून घ्या.

रिसेलचं रो-हाऊस किंवा बंगला बघत असाल तर टोकन देण्याआधी मालकाला विचारा, "लाईनमध्ये कॅमेरा टाकला तर चालेल का?" चालेल म्हणाला तर उत्तम. टाळाटाळ करायला लागला, तर कारण विचारल्याशिवाय टोकन देऊ नका.