ग्रुप फोटोत आजी कुठे आहे?

भुसावळला लग्नसराईत आमची खरी परीक्षा मंगल परिणय पार पडल्यावर सुरू होते. आशीर्वाद गाथा संपते न संपते तोच मुलीचे वडील हाक मारतात, "भाऊ, आता सगळ्यांचा एक फोटो!" सगळ्यांचा म्हणजे शंभर माणसांचा. मे महिना, पारा 45च्या घरात, आणि हे पडले जंक्शनचे गाव. कुणाला नाशिककडची गाडी गाठायची, कुणाला खंडव्याकडची, कुणाला सुरतेची. म्हणून आम्ही हा फोटो पंगतीआधीच उरकतो. ताट हातात आले की माणूस हलत नाही.

शंभर माणसे दोन रांगांत उभी केली, तर बारा इंची फोटोत चेहरा ज्वारीच्या दाण्याएवढा येतो. पाच रांगा केल्या तर हरभऱ्याएवढा. मुले सतरंजीवर, म्हातारी माणसे खुर्च्यांवर, मग उभी रांग, मग बाकांवरची, शेवटची स्टेजवर. स्टेज नसेल तर समाजमंदिराच्या पायऱ्या. त्याही नसतील तर आम्हीच गच्चीवर नाहीतर शिडीवर चढतो. वरून मागची तोंडे झाकली जात नाहीत.

जागा इमारतीच्या सावलीत धरावी. उन्हात डोळे मिटतात, आणि मंडपाच्या लाल-पिवळ्या कापडाचा रंग तोंडावर उतरतो. फ्लॅशवर विसंबू नये. अंतर दुप्पट झाले की उजेड चौथाई होतो, मागची रांग अंधारात जाते. शिवाय आपल्या लग्नात पांढऱ्या कपड्यांचा मान. इतके पांढरे पाहून कॅमेऱ्याचे मीटर फसते नि फोटो काळोखा काढते. साड्या छान येतात, चेहरे काळवंडतात. सावळे माणूस फोटोत काळेठिक्कर दिसले तर दोष त्याच्या रंगाचा नसतो, फोटो काढणाऱ्याचा असतो. उजेड चेहऱ्यावर मोजावा. मोबाईलवाल्यांनीही आधी चेहऱ्यावर बोट टेकवावे.

एवढे झाले की आम्ही विचारतो, कोण राहिले? भांड्यांपाशी काकू असते. विधवा आत्या "माझं काय काम तिथं?" म्हणत खांबाआड उभी असते. रूढी सोडल्या म्हणतो आपण, पण खांब काही सुटत नाही! तिला आम्ही नवरीजवळच्या खुर्चीवर बसवतो.

कारण कितीतरी घरांत म्हातारीचा वेगळा फोटोच नसतो. ती गेल्यावर मुलगा हाच ग्रुप फोटो घेऊन येतो, "यातली आई मोठी करून द्या." अर्धे तोंड कुणाच्या खांद्याआड गेले असेल, तर ते कुठून आणायचे? 1934 सालचा राजगृहातला फोटो आठवा. बाबासाहेब, माता रमाई, यशवंतराव, लक्ष्मीबाई वहिनी, पुतणे मुकुंदराव, टॉबी कुत्रासुद्धा. पुढच्याच वर्षी, 27 मे 1935 रोजी, रमाई गेल्या.

फोटो घरी आला की आजीला शेजारी बसवून मागच्या बाजूस रांगेवार नावे लिहून घ्या. पेन्सिलीने लिहा, पेनचे वळ पुढे उमटतात.