पॅरिशकडे कामे सोपवताना

इंग्लंडच्या नैर्ऋत्येला असलेल्या सॉमरसेट परगण्यात १ एप्रिल २०२३ रोजी काउंटी परिषद आणि जिल्हा पातळीवरच्या चार परिषदा यांच्या जागी एकच सॉमरसेट परिषद अस्तित्वात आली. कारभार सुटसुटीत होईल, खर्च वाचेल, अशी अपेक्षा होती. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरमध्ये या नव्या परिषदेने आर्थिक आणीबाणी जाहीर केली. वृद्धांच्या देखभालीचा आणि निराधार मुलांच्या संगोपनाचा खर्च कायद्याने टाळता येत नाही आणि तो थांबतही नाही. कात्री लागते ती उरलेल्या कामांना. मग गावोगावच्या पॅरिश परिषदांसमोर, म्हणजे गावपातळीवरच्या परिषदांसमोर, प्रश्न आला: सार्वजनिक स्वच्छतागृहे, बागा, मैदाने यांची जबाबदारी तुम्ही घेता का?

प्रश्न एकट्या सॉमरसेटचा नाही. कॉर्नवॉलमध्ये २००९ साली अशीच एकछत्री परिषद आली आणि पुढच्या काळात तिथली अनेक ग्रंथालये व स्वच्छतागृहे लहान शहरांच्या आणि गावांच्या परिषदांकडे गेली. डिसेंबर २०२४ मध्ये ब्रिटिश सरकारने श्वेतपत्रिका काढून काउंटी आणि जिल्हा अशी दुहेरी रचना उरलेल्या सगळ्या भागांत सुमारे पाच लाख वस्तीच्या एकछत्री परिषदा आणण्याचे धोरण जाहीर केले. म्हणजे मधली पायरी निघणार आणि खेड्यातल्या माणसाला सर्वांत जवळची उरणार ती पॅरिश परिषद. तिने ही कामे अंगावर घ्यावीत का, याचा विचार दोन्ही बाजूंनी व्हायला हवा.

चर्चच्या व्हेस्ट्रीकडे, म्हणजे चर्चशी जोडलेल्या गावसभेकडे, असलेला गावाचा नागरी कारभार १८९४ च्या कायद्याने निवडून आलेल्या पॅरिश परिषदांकडे आला. आपल्याकडे लॉर्ड रिपनचा स्थानिक स्वराज्याचा ठराव १८८२ चा आणि मुंबई इलाख्याचा लोकल बोर्ड कायदा १८८४ चा. इंग्लंडच्या खेड्याला स्वतःची परिषद त्यानंतर दहा वर्षांनी मिळाली. महिलांना तिथे मत देण्याचा आणि उभे राहण्याचा हक्क पहिल्यापासून होता. संसदेसाठी मत द्यायला त्यांना १९१८ पर्यंत थांबावे लागले. आज इंग्लंडमध्ये अशा सुमारे १०,००० परिषदा आणि जवळपास एक लाख सदस्य आहेत. बहुतेकजण विनामोबदला काम करतात. दफनभूमी, बसथांबे, पथदिवे, खेळाचे मैदान, गावाचे सभागृह ही त्यांची नेहमीची कामे. बांधकाम परवानगीच्या अर्जावर त्या मत देतात, निर्णय मात्र वरची परिषद घेते.

कामे गावाकडे द्यावीत, या बाजूचा युक्तिवाद भक्कम आहे. नॉर्थ यॉर्कशायर परिषदेचे क्षेत्र सुमारे आठ हजार चौरस किलोमीटर, म्हणजे आपल्या पुणे जिल्ह्याच्या निम्म्याएवढे. सहा लाखांवर लोकांसाठी तिथे ९० सदस्य आहेत. कुठल्या वळणावर पानगळीत गटार तुंबते, कुठला झोका मोडला आहे, हे इतक्या दूरच्या कार्यालयाला कळायला वेळ लागतो. गावाला ते रोज दिसते. लाल टेलिफोन बूथ बंद पडू लागले तेव्हा बीटी कंपनीने ते एका पौंडात स्थानिकांना द्यायला सुरुवात केली. कितीतरी पॅरिश परिषदांनी ते घेतले. कुठे त्यात हृदय बंद पडलेल्या माणसाला विजेचा झटका देऊन वाचवणारे यंत्र बसवले, कुठे पुस्तकांची कपाटे लावली. पैसा थोडा लागला, आस्था पुष्कळ लागली. स्वच्छतागृह चालवणे ही वरच्या परिषदेची कायदेशीर सक्ती नाही, त्यामुळे गावाने ते घेतले नाही तर कुलूप लागण्याचा धोका खरा असतो. २०२१ च्या कायद्याने अशा स्वतंत्र स्वच्छतागृहांवरचा व्यवसायकर रद्द झाला, तेवढा भार तरी हलका झाला.

दुसरी बाजूही तितकीच गंभीर आहे. पहिला प्रश्न पैशाचा. पॅरिश परिषद स्वतः कर गोळा करत नाही. आपली मागणी वरच्या परिषदेला कळवते आणि ती कौन्सिल टॅक्सच्या बिलात जोडून येते. या मागणीला प्रिसेप्ट म्हणतात. मोठ्या परिषदांना ठरावीक मर्यादेपलीकडे कर वाढवायचा तर लोकांचे मतदान घ्यावे लागते. ही अट सरकारने पॅरिश परिषदांना आजवर लावलेली नाही. काम खाली गेले म्हणून मोठ्या परिषदेचा कर कमी होत नाही. रहिवाशाच्या बिलात जुनी रक्कम तशीच राहते आणि गावची रक्कम वाढते. सधन गावाला हे पेलते. शेतमजूर आणि एकट्या राहणाऱ्या पेन्शनरांच्या गावाला पेलत नाही. सेवा कुठे मिळणार आणि कुठे नाही, हे मग त्या गावातल्या घरांच्या किमती ठरवू लागतात.

दुसरा प्रश्न माणसांचा. लहान पॅरिशचा क्लार्क आठवड्यातले काही तास काम करतो. पत्रव्यवहार, हिशेब, सभेचे इतिवृत्त हे सगळे त्याच्याच टेबलावर. त्यात मैदानाचा विमा, झाडांची तपासणी, सफाईचा ठेका यांची भर पडली तर चूक होणारच, आणि ती चूक एखाद्या मुलाच्या दुखापतीपर्यंत जाऊ शकते.

तिसरा प्रश्न उत्तरदायित्वाचा. पुष्कळ गावांत जागांइतकेही उमेदवार मिळत नाहीत. निवडणूक बिनविरोध होते, उरलेल्या जागा स्वीकृत सदस्यांनी भरल्या जातात. ज्यांना कोणी मत दिलेले नाही त्यांनी हव्या तेवढ्या कराचा ठराव करावा, हे लोकशाहीत खटकणारे आहे. चेशरमधल्या हँडफोर्थ परिषदेच्या डिसेंबर २०२० च्या ऑनलाइन सभेतली भांडणे पुढच्या फेब्रुवारीत जगभर पाहिली गेली. लोक त्यावर हसले, पण त्यामागची उणीव खरी होती. २०११ च्या कायद्यानंतर आचारसंहिता मोडणाऱ्या सदस्याला निलंबित करण्याचा मार्ग उरला नव्हता. सार्वजनिक जीवनातील मानकांच्या समितीने २०१९ मध्ये सहा महिन्यांपर्यंतच्या निलंबनाची शिफारस केली होती. कामे आणि पैसा वाढणार असतील, तर अशी तरतूद अपरिहार्य आहे.

दोन्ही पारडी तोलून आमचे मत असे आहे की कामे गावाकडे जावीत, पण गावाने मागितली तरच आणि सोबत निधी आला तरच. वरच्या परिषदेने एखादी मालमत्ता हवाली करताना तिची खरी अवस्था आणि गेल्या काही वर्षांचा देखभालीचा खर्च गावापुढे लेखी मांडावा. तो खर्च पहिली काही वर्षे तिनेच टप्प्याटप्प्याने उचलावा. नकार देणाऱ्या गावाला नाकर्ते ठरवू नये. लहान गावांनी एकेकटे न झुंजता चार-पाच गावांनी मिळून एक पूर्णवेळ क्लार्क नेमावा, सफाईचा आणि गवतकापणीचा ठेका एकत्र द्यावा.

गावाचीही जबाबदारी आहे. दरवर्षी १ मार्च ते १ जून या काळात पॅरिशची वार्षिक सभा होते. परिषदेच्या बैठकीपेक्षा ही वेगळी. यात प्रत्येक मतदाराला बोलता येते, आपल्या ग्रामसभेसारखेच. नवे काम घेण्याआधी त्याचा खर्च, त्यामुळे होणारी करवाढ आणि न घेतल्यास होणारे नुकसान या सभेत आकड्यांनिशी ठेवले जावे. ज्यांना वाढ मान्य नाही त्यांनी घरी बसून कुरकुर करण्याऐवजी सभेला यावे, आणि शक्य असेल त्यांनी पुढच्या निवडणुकीत अर्ज भरावा. लढत झाली की परिषदेच्या शब्दाला वजन येते आणि कर भरणाऱ्याला हिशेब मागता येतो.

स्थानिक स्वराज्याची कसोटी लावायची तर पैसा, निर्णय आणि जबाबदारी या तिन्ही गोष्टी एका जागी आहेत का, हे पाहावे लागते. नुसती जबाबदारी खाली ढकलणे म्हणजे मोठ्या परिषदेने आपली तूट गावाच्या माथी मारणे. तिन्ही गोष्टी एकत्र गेल्या, तर सव्वाशे वर्षांहून जुनी ही संस्था आजवरच्या कोणत्याही सुधारणेपेक्षा जास्त बळकट होईल. सरकारने नव्या परिषदांचे नकाशे आखण्याआधी हा हिशेब मांडावा. नकाशे पक्के झाल्यावर गावाच्या हाती घासाघीस करण्यासारखे काहीही उरणार नाही.