गुगल म्हणतं, ‘प्रवेश बंद’

मे महिन्यात तुर्भ्याहून एक आई पहिलीच्या प्रवेशाची चौकशी करायला आमच्या शाळेत आली. आल्या आल्या तिनं मोबाईल माझ्यापुढे धरला. “सर, इधर तो लिखा है दाखिला बंद. फिर भी सोचा, एक बार पूछ लूँ.” गुगलवर शाळेच्या नावाखाली दोन ओळी होत्या : सुट्टीतील दीनी तालीमचे वर्ग, प्रवेश बंद. ही बाई निदान विचारायला तरी आली. तेवढं वाचून घरीच थांबलेले पालक किती, देव जाणे.

शिक्षकांच्या खोलीत पहिलं वाक्य अपेक्षित तेच आलं : “आपल्याला मुद्दाम मदरसा ठरवतात.” खरं तर मदरसा या अरबी शब्दाचा अर्थच शाळा, त्यात कमीपणा काही नाही. पण आमच्याकडे बालभारतीची उर्दू पुस्तकं चालतात, गणित-विज्ञान आहे, मराठी तर मीच शिकवतो. पालकाला हे कळायलाच हवं. राग मलाही आला. मग शाळेची साइट उघडली आणि राग कुणावर काढायचा, हाच प्रश्न पडला.

पहिल्या पानावर सगळी चित्रं. उर्दू मजकूर इनपेजमध्ये नस्तालीकात टाइप करून त्याचं चित्र केलेलं. मराठी जुन्या फॉन्टमधली, म्हणून तिचंही चित्र. डोळ्यांना छान दिसतं, पण चित्रातली अक्षरं शोधयंत्र मजकूर म्हणून धरेल याचा भरवसा नसतो. अख्ख्या पानावर खराखुरा टाइप केलेला मजकूर एकच : सुट्टीतल्या वर्गाच्या जागा भरल्याची, ३ वर्षांपूर्वीची सूचना. गुगल वर्णन मुख्यतः पानावरच्या मजकुरातूनच उचलतं. पानाच्या कोडमध्ये ‘मेटा डिस्क्रिप्शन’ अशी एक जागा असते. तिथलं वाक्य अधिक योग्य वाटलं तर ते दाखवतं. आमची ती जागा कोरी होती.

चूक नेहमी आपलीच असते असं नाही. जून २०२१ मध्ये भारतातली सर्वांत कुरूप भाषा कोणती, असं विचारलं की गुगल कन्नडचं नाव पुढे करत होतं. कर्नाटकात संताप उसळला. गुगलनं ते उत्तर काढलं, माफीही मागितली. तिथं ओरडणं रास्तच होतं, कारण कुठल्या तरी तिसऱ्याच पानावरचं यंत्रानं उत्तर म्हणून दाखवलं होतं. आम्हाला मात्र त्यानं आमचंच बोलणं परत ऐकवलं होतं.

जुनी सूचना काढली. उर्दू आणि मराठी मजकूर युनिकोडमध्ये पुन्हा टाइप केला. खरा वाद झाला तो वर्णनाच्या दोन ओळींवरून. एका ज्येष्ठ सहकाऱ्यांना त्यात इल्मचं महत्त्व सांगणारा शेर हवा होता, दुसऱ्यांना संस्थापकांचं नाव. मी म्हटलं, तुर्भ्याच्या बाईला काय हवं होतं ते लिहा. शेवटी ठरलं : उर्दू माध्यम, पहिली ते दहावी, राज्य मंडळ, मराठी-इंग्रजी-विज्ञानासह, पहिलीचे प्रवेश सुरू. आणि प्रवेश संपले की ते शेवटचे शब्द काढायचं काम माझ्याच गळ्यात पडलं. मग गुगलच्या सर्च कन्सोलमध्ये साइट आमची असल्याचं सिद्ध करून पान पुन्हा तपासायची विनंती केली. पैसे लागत नाहीत, वाट मात्र पाहावी लागते. नवव्या दिवशी ओळी बदलल्या.

त्याच आठवड्यात नवी मुंबईतल्या आपल्या ओळखीच्या संस्थांची नावं शोधून पाहिली. एका वाचनालयाच्या नावाखाली अजून साइट बनवणाऱ्याचं इंग्रजी नमुना-वाक्यच आहे. सचिवांना फोन केला. म्हणाले, “सर, त्याचा पासवर्ड ज्या पोराकडे होता, तो दुबईला गेला.”