रुग्णालयातील बाग : शोभेची की उपचाराची?

रुग्णालयाचा विस्तार करावयाचा म्हटले की पहिली कुऱ्हाड आवारातील झाडांवर पडते आणि उरलेली जागा वाहनांना दिली जाते. आमच्या धर्मादाय संस्थाही याला नेहमीच अपवाद ठरतात असे नाही, हे खेदाने नमूद करावे लागते.

१९८४ साली रॉजर उलरिच यांनी 'सायन्स' या नियतकालिकात पेनसिल्व्हेनियातील एका रुग्णालयाचा अभ्यास प्रसिद्ध केला. पित्ताशयाची शस्त्रक्रिया झालेल्या ४६ रुग्णांपैकी निम्म्यांच्या खिडकीबाहेर झाडे होती, उरलेल्यांच्या समोर विटांची भिंत. झाडे पाहणारे सरासरी पाऊण दिवस आधी घरी गेले. त्यांना तीव्र वेदनाशामकेही कमी लागली. अभ्यास लहान, पण दुर्लक्ष करण्याजोगा नव्हे.

इंग्लंडमधील सॉल्झबरी येथे मणक्याच्या रुग्णांसाठी २०१२ साली बाग खुली झाली. कल्पना होरेशिओ चॅपल या विद्यार्थ्याची. सुटीत तेथे सेवा करताना त्याने रुग्णांनाच त्यांची गरज विचारली. २०११ साली, अवघ्या सतराव्या वर्षी, तो मरण पावला. बाग त्याच्या नावे उभी राहिली. तिच्या वाटा खाटेसह रुग्णास नेता येईल इतक्या रुंद आणि सपाट आहेत.

आपल्याकडे रुग्णास असे कोण विचारतो? कोकणपट्टीत चार महिने पाऊस. वाटेवर छप्पर नसेल तर बागेला कुलूपच. कण्हेर दिसावयास सुरेख, पण विषारी. त्यापेक्षा सदाहरित बकुळ बरी. तिच्याखाली पाठ टेकावयास बाक आणि तेथवर चाकांची खुर्ची जाईल असा सौम्य उतार, एवढे तरी वास्तुविशारदाच्या पहिल्या नकाशातच असावे. इमारत उभी राहिल्यावर जागा उरत नाही.