पाणबुड्याचा चेहरा

इंग्लंडमधल्या विंचेस्टरला जायचे असेल तर मार्चमध्ये जावे. पर्यटन कंपन्या उन्हाळा सुचवतात, आणि लंडनच्या आसपास राहणाऱ्या लेकी-मुलांकडे जाणारे आपल्याकडचे आईवडीलही थंडीच्या धास्तीने मे-जूनचीच तिकिटे काढतात. उन्हाळ्यात हे गाव देखणे असते, यात शंका नाही. पण तेव्हा तिथले कॅथीड्रल कशावर उभे आहे ते दिसत नाही. मार्चमध्ये दिसते. वॉटर्लू स्थानकातून गाडी पकडली की तासाभरात विंचेस्टर येते. आवारातली झाडे अजून निष्पर्ण असतात, गवतात डॅफोडिल्स उमललेली असतात आणि रांगा नसतात. लांबलचक सभामंडपात मान वर करून छताकडे पाहत बसण्याआधी तळघराकडे वळावे. त्यात पाणी भरलेले असते.

अनेक पाहुणे तिथे हिरमुसतात, कारण आत उतरता येत नाही. दाराजवळच्या चौथऱ्यावरून पाहावे लागते. वास्तविक पाहण्यासारखे जे आहे ते हेच. कमानींच्या खाली स्थिर, स्वच्छ पाणी, आणि त्या पाण्यात उभा असलेला, ओंजळीकडे मान झुकवलेला शिशाचा माणूस. अँटनी गॉर्मली यांचे हे शिल्प १९८६ मधले. हे पाणी गळक्या छतातून आलेले नाही, नदीला पूर आला म्हणूनही नाही. विंचेस्टरच्या भोवतालची सगळी जमीन खडूच्या दगडाची आहे. हिवाळाभर पडलेला पाऊस त्या दगडात सावकाश मुरतो आणि हिवाळा सरता सरता भूजलाची पातळी सर्वात वर येते. इचेन नदी तेव्हा भरून वाहते आणि तिच्या खोऱ्यात उभे असलेले कॅथीड्रल आपल्या पायाशी पाणी घेऊन उभे राहते. नऊशे वर्षे हे असेच चालले आहे.

नॉर्मन बिशप वॉकेलिनने १०७९ मध्ये या जागी बांधकाम सुरू केले. जमिनीखाली कुजलेल्या वनस्पतींचा काळा, भुसभुशीत थर आहे, ज्याला पीट म्हणतात. त्याखाली घट्ट खडी. तेराव्या शतकाच्या आरंभी पूर्वेकडचा भाग वाढवला, तेव्हा गवंड्यांनी या ओल्या थरावर बीच वृक्षाचे ओंडके आडवे अंथरले आणि त्यावर भिंती चढवल्या. ओंडके पाण्यात होते तोवर टिकले, पण भार सोसून थर दबत गेला. १९०५ च्या सुमारास भिंतींना मोठाल्या भेगा पडल्या होत्या, भिंती बाहेरच्या बाजूला कलल्या होत्या, दगड सुटून पडू लागले होते. वास्तुविशारद टॉमस जॅक्सन यांनी अभियंता फ्रान्सिस फॉक्स यांना बोलावले. उपाय सरळ होता : भिंतींखाली खड्डे खणायचे, पीट काढून टाकायचे, खडीपर्यंत पोहोचून तिथून नवा पाया उचलायचा. पण खड्डा खणला की तो पाण्याने भरे. पंपाने उपसावे, तर पाण्याबरोबर भिंतींखालची मातीही ओढली जाण्याचे भय. म्हणजे कॅथीड्रल वाचवताना तेच कोसळायचे. फॉक्स यांनी मग सुचवले की पाणी आहे तसेच राहू द्यावे आणि पाणबुड्याला खाली उतरवावे. ही कल्पना त्यांची, आणि तिचे श्रेय त्यांना पुरेपूर द्यायला हवे.

खाली उतरला तो विल्यम वॉकर. १९०६ ते १९११ अशी जवळजवळ सहा वर्षे तो उतरत राहिला. दक्षिण आणि पूर्व बाजूला मिळून २३५ खड्डे, खोली सुमारे सहा मीटर. गाळाने पाणी इतके काळे की दिवा नेऊनही उपयोग नसे. सगळे काम हाताच्या स्पर्शावर. पीट उकरून काढायचे, तळाशी काँक्रीटची पोती एकाशेजारी एक रचायची, ती फोडून थर पक्का करायचा, आणि मग पुढच्या खड्ड्यात. डोक्यावर तांब्याचे जाड शिरस्त्राण, पायात शिशाच्या तळव्यांचे बूट. हा जड पोशाख चढवायला-उतरवायला इतका वेळ लागे की जेवणाच्या सुट्टीत तो फक्त शिरस्त्राण काढून खाई आणि पाइप ओढी. कॅथीड्रलच्या नोंदीनुसार या कामात काँक्रीटची २५,८०० पोती, काँक्रीटचे १,१४,९०० ठोकळे आणि ९ लाख विटा लागल्या. त्यातले तळाचे काम वॉकरचे. त्याने तळ बंद केला की पाणी उपसता येई आणि मग गवंडी उतरून विटा-ठोकळ्यांनी पोकळी भरत. हा क्रम लक्षात ठेवायला हवा, पुढे त्याचा संबंध येणार आहे.

१५ जुलै १९१२ रोजी, सेंट स्विदनच्या सणाच्या दिवशी, आभारप्रदर्शनाची प्रार्थना झाली. तिला राजा पंचम जॉर्ज हजर होता. त्याच्या सातच महिने आधी, डिसेंबर १९११ मध्ये, हा राजा मुंबईला अपोलो बंदरावर उतरला होता. त्या एका उतरण्याची आठवण म्हणून आपण गेटवे ऑफ इंडिया पाहतो. विंचेस्टरमध्ये त्याने ज्याचे आभार मानले, तो पाण्यात हजारो वेळा उतरलेला होता. वॉकरला राजाकडून व्हिक्टोरियन ऑर्डरचा सन्मान मिळाला, आणि तो योग्यच होता. १९१८ मध्ये इन्फ्लुएंझाच्या साथीत तो गेला.

यानंतरची हकिकत या स्फुटाचे कारण आहे. १९६४ मध्ये कॅथीड्रलमध्ये वॉकरचा छोटा पुतळा बसवला गेला. घडवणारे होते सर चार्ल्स व्हीलर, रॉयल अकॅडमीचे तत्कालीन अध्यक्ष, म्हणजे त्या काळातले मान्यवर शिल्पकार. पोशाख पाणबुड्याचा, नाव वॉकरचे, आणि चेहरा फ्रान्सिस फॉक्स यांचा. जुन्या छायाचित्रावरून काम करताना माणसांची अदलाबदल झाली होती. २००१ मध्ये ग्लिन विल्यम्स यांनी घडवलेला नवा पुतळा बसला, तेव्हा वॉकरला त्याचा चेहरा मिळाला. मधली ३७ वर्षे लोक अभियंत्याच्या चेहऱ्याकडे पाहून मजुराला मान देत होते.

चूक अनवधानाने झाली, हे मान्य. पण अशी अनवधाने नेहमी एकाच दिशेने का होतात, हे विचारलेच पाहिजे. अभियंत्याच्या पुतळ्यावर चुकून पाणबुड्याचे डोके बसले, असे कधी ऐकले आहे काय? छायाचित्रात दोन माणसे उभी असली आणि त्यातले थोर कोण हे ठरवायचे असले, की नजर आपोआप कोटवाल्याकडे जाते. जे हात काळ्या पाण्यात होते, ते कोणी पाहिले नव्हते. न पाहिलेल्या कामाला चेहरा देणे अवघड जाते, आणि म्हणून तो उसना घेतला जातो. इतका गौरव झालेल्या माणसाच्या बाबतीत हे घडले. ज्यांचा गौरवच झाला नाही त्यांचे काय होत असेल?

याच वास्तूत, उत्तरेकडच्या बाजूला, जमिनीत एक काळी शिळा आहे. जेन ऑस्टिन जुलै १८१७ मध्ये इथल्या कॉलेज स्ट्रीटवरच्या घरात वारली आणि इथे पुरली गेली. शिळेवर तिच्या स्वभावाची, श्रद्धेची, बुद्धीची स्तुती आहे. तिने कादंबऱ्या लिहिल्या, हे मात्र नाही. हयातीत तिची पुस्तके निनावी निघाली होती, हे कारण खरे. पण शिळा कोरणाऱ्या घरच्या माणसांना तर ठाऊक होते. भिंतीवर पितळी पाटी लागून लेखनाचा उल्लेख झाला तो १८७२ मध्ये, म्हणजे ५५ वर्षांनी. तिच्या वाचकांनी तो उल्लेख आधीच आपल्या मनात कोरून ठेवला होता. पाणबुड्याला वाचक नसतात.

या कॅथीड्रलवर टीका करताना त्याचे एक थोरपणही सांगायला हवे. १६४२ मध्ये यादवी युद्धातल्या सैनिकांनी पश्चिमेकडची प्रचंड रंगीत खिडकी फोडली. राजेशाही परतल्यानंतर काचांचे तुकडे पुन्हा बसवले गेले, पण जुन्या चित्राचे सोंग न आणता. कुठे एखादे डोके, कुठे वस्त्राची घडी, कुठे नुसता निळा तुकडा, असे सगळे जसे सापडले तसे. संध्याकाळच्या उन्हात ती खिडकी काय घडले ते लपवत नाही. इतका प्रामाणिकपणा ज्या वास्तूला साधला, तिच्याकडून पाणबुड्याच्या बाबतीतही अपेक्षा ठेवावीशी वाटते. १९६४ ची चूक सुधारली हे चांगलेच झाले. पण ती चूक झाली होती, हेही पाहुण्याला पुतळ्यापाशीच मोठ्या अक्षरांत वाचायला मिळावे.

आणि आणखी एक. वॉकरविषयी नेहमी म्हटले जाते की त्याने आपल्या दोन हातांनी कॅथीड्रल वाचवले. कौतुक मनापासूनचे आहे, पण अपुरे आहे. या कामावर सुमारे दीडशे माणसे होती. वर हवेचा पंप चालवणारा क्षणभर थांबला असता तर खाली वॉकर गुदमरला असता. पोती भरून खाली सोडणारे, पाणी उपसणारे, त्या ९ लाख विटा रचणारे गवंडी हे सगळे त्या दोन हातांमागचे हात. एका मजुराला वर काढून बाकीच्यांना विसरणे ही, अभियंत्याचा चेहरा मजुरावर बसवण्याची, जरा सौम्य आवृत्ती आहे. वॉकरलाही ती आवडली नसती असे वाटते. आपला श्वास कोणाच्या हातात आहे हे त्याच्याइतके कोणाला ठाऊक असणार?

तळघर आणि कॅथीड्रल दाखवणारे मार्गदर्शक बहुधा स्वयंसेवक असतात, निवृत्त, जाणते आणि बोलायला उत्सुक. त्यांना राजे, बिशप आणि ऑस्टिन यांच्याविषयी प्रश्न येतच असतात. तिथे जाणाऱ्या मराठी माणसाने पाण्याकडे बोट दाखवून विचारावे : पंपावर कोण होते?